वाटेला नावं ठेवणारी माणसं

सह्याद्रीत वाट विचारली की उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. ‘हे काय, इथंच’ म्हणजे दीड तास. ‘जरा लांब पडंल’ म्हणजे मुक्कामाची तयारी ठेवा. ‘वाट हाय की’ म्हणजे सांगणाऱ्याच्या आजोबांनी ती पाहिली होती. आणि ‘तिकडनं कुणी जात न्हाई’ म्हणजे वाट उत्तम आहे, फक्त त्या अंगाच्या भावकीशी सध्या बोलणं बंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या हा सगळा कारभार तोंडी चालला आणि बरा चालला. आता काही हौशी मंडळींनी तो लेखी करायला घेतला आहे. त्यांच्याजवळ रकाने आहेत: वाटेचा प्रकार, पृष्ठभाग, रुंदी, अवघडपणा, दृश्यमानता, प्रवेशाचा हक्क. भावकीचा रकाना नाही. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

ज्या नकाशासाठी हा खटाटोप चालतो त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रज तरुणानं तो 2004 साली सुरू केला. त्याच्या देशात सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे पडत, तेव्हा आपण सगळे मिळून आपला नकाशा काढू, असा तो विचार होता. आज त्याच्यावर एक कोटीहून अधिक लोकांनी खाती उघडली आहेत. कुणीही यावं, रेषा ओढावी आणि तिला टॅग लावावा. टॅग म्हणजे डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, मध्ये बरोबरचं चिन्ह: पृष्ठभाग=माती, रुंदी=1, वगैरे. हवा तो टॅग लावा, बंदी कशालाच नाही, हे या मंडळींचं मूळ तत्त्व आहे.

हे तत्त्व ऐकून मराठी माणसाला आधी आनंद होतो आणि पाठोपाठ संशय येतो. संशय रास्त आहे. काहीही चालतं म्हटलं की काय चालवावं यावर भांडायला मोकळं रान मिळतं. नवा टॅग सर्वमान्य करून घ्यायचा तर प्रस्ताव मांडायचा, किमान पंधरवडा चर्चा करायची, मग किमान पंधरवडा मतदान. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जे होतं, ते तिथं शेताच्या फाटकावरून होतं. फक्त शेवटी वेफर्स आणि पेढा मिळत नाही.

या मंडळींचा सगळ्यात मुरलेला वाद म्हणजे ‘पाथ की फूटवे’. या नकाशात ज्याच्यावरून जाता येतं ते सगळं ‘हायवे’ या एकाच खात्यात जमा होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याच खात्यात, आणि राजगडाच्या चोरदरवाज्याची वाटही त्याच खात्यात. खात्याच्या पोटात मग पोटजाती. माणसांनी चालण्यासाठी असलेला तो फूटवे. घोडेस्वारांचा तो ब्रायडलवे. शेतीची आणि जंगलातली वाहनं जातात तो ट्रॅक. पायऱ्या असतील तर स्टेप्स. इंग्लंडात हे झकास जमलं, कारण कुठल्या वाटेनं पायी जायचा हक्क आहे आणि कुठल्या वाटेनं घोड्यावरून, हे तिथं कायद्यानं ठरून कागदावर उतरलेलं असतं. पुढं 2008 च्या सुमारास ‘पाथ’ आला. एका कुणासाठी राखून न ठेवलेली साधी वाट, असा त्याचा हेतू. काहींनी त्याचा अर्थ रानातली अरुंद मळलेली वाट असा घेतला. काहींनी बागेतली फरसबंद, सायकलींना मोकळी वाट असा घेतला. दोघांकडेही सबळ पुरावे होते, त्यामुळे वाद मिटायला काही कारणच उरलं नाही. याचा परिणाम असा, की युरोपातल्या एखाद्या उद्यानात बाबागाडी ढकलायची गुळगुळीत वाट आणि बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बगलेनं हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट या दोघी कागदोपत्री सख्ख्या बहिणी आहेत.

साहेबाच्या राज्यात असली भानगड नव्हती. सर्व्हे ऑफ इंडिया हे 1767 सालचं खातं. त्यांच्या टोपोशीटवर गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट यांची वेगवेगळी चिन्हं असत. बैलगाडी जाते? नाही? मग लादलेलं खेचर जातं? तेही नाही? मग पायवाट. विषय संपला. रसद कुठवर पोचेल एवढं कळलं की सरकारचं काम भागत असे. चालणाऱ्याला दम लागेल का, हा प्रश्न सरकारनं तेव्हाही विचारला नाही.

गावाची वर्गवारी त्याहून सरळ आहे: वाट कुणाच्या पायांनी पडली ते बघायचं. बैलगाड्यांनी पडली ती गाडीवाट. शेताशेतांमधून दोन्हीकडच्या कुंपणांत दबून गेलेली ती पाणंद. कोकणात उतरणारी ती घाटवाट, आणि ती ओढ्याच्या घळीतून उतरली तर नाळ. गुरांनी पाडली ती ढोरवाट. यातली ढोरवाट हा सह्याद्रीतला सर्वांत जुना सापळा आहे. ती चांगली रुंद असते, ठळक असते, ऐटीत वळणं घेत जाते आणि करवंदीच्या जाळीत संपते. तिथवर पोचलेले ट्रेकर एकमेकांकडे बघतात, मग लीडरकडे बघतात, लीडर आकाशाकडे बघतो. म्हशीचं काही चुकलेलं नसतं. तिला तिथंच यायचं होतं. नकाशेकऱ्यानं मात्र ही रेषा इमानानं नोंदवून ‘पाथ’ म्हणून लावली, की पुढच्या रविवारी ठाण्याहून वीसजणांची तुकडी फोन हातात धरून त्याच जाळीत दाखल होते.

आता अवघडपणाचा रकाना. ही मोजपट्टी स्विस अल्पाइन क्लबकडून आली आहे. संस्था 1863 सालची आणि माणसं काटेकोर. टी-1 पासून टी-6 पर्यंत सहा पायऱ्या. टी-1 ला पडायची भीती नाही, साधे बूट चालतात. टी-3 ला तोल सांभाळायला हात लावावे लागतील, धोक्याच्या जागी दोर किंवा साखळ्या असतील. टी-6 ला बहुतेकदा वाटच नसते. हे सगळं बर्फ आणि हिमनद्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. आमच्या डोंगरांत बर्फ फक्त पायथ्याच्या गोळेवाल्याकडे. आमच्याकडे घसारा आहे, शेवाळ आहे, वाळलेल्या गवतावरून सुटणारा पाय आहे आणि मुख्य म्हणजे एप्रिलमधली दुपारची दोनची वेळ आहे. त्या उन्हाला स्विस मोजपट्टीत जागा नाही.

त्यातून ही मोजपट्टी बुटांवर बोलते. बूट पाहून वाट ओळखायची तर आतकरवाडीहून सिंहगडावर जाणाऱ्या पायवाटेला जावं. रविवारी सकाळी तिथं आयटीतला एक तरुण उंची बूट, दोन काठ्या आणि नळीवाली पाण्याची पिशवी असा सरंजाम घेऊन चढत असतो. त्याच्या शेजारून दह्याची मडकी डोक्यावर घेतलेल्या मावशी साध्या स्लिपर घालून पुढं निघून जातात आणि वळणावरून हाक मारतात, “दादा, बसा जरा. गड कुठं पळून चाललाय?” या वाटेला कोणता टी लावायचा? मावशींच्या लेखी ती कामावर जायची वाट आहे, टी-1 सुद्धा नाही. दादांच्या लेखी चढताना टी-3 आहे, उतरताना टी-4, आणि सोमवारी ऑफिसात सांगताना टी-5.

आपल्या ट्रेकिंग ग्रुपांनी यावर देशी उपाय काढला आहे. त्यांच्या जाहिरातीत ‘सोपा ते मध्यम’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे जाताना सोपा, येताना मध्यम. ‘मध्यम ते अवघड’ म्हणजे लीडर तिथं पहिल्यांदाच चाललाय. आणि नुसतं ‘अवघड’ लिहिलं असेल तर नाव नोंदवायला झुंबड उडते.

दृश्यमानतेचा टॅग तर थेट वेदान्तातच नेऊन सोडतो. वाट किती दिसते याच्या पायऱ्या अशा: उत्तम, चांगली, मध्यम, वाईट, भयंकर आणि शेवटी ‘नाही’. म्हणजे वाट आहे, तिचा प्रकार माहीत आहे, अवघडपणा ठरलेला आहे, फक्त ती दिसत नाही. यात गंमत वाटली तरी विचार पक्का आहे. आल्प्समधल्या दगडधोंड्यांच्या पठारावर पायाचा ठसा उमटत नाही. एका लगोरीपासून दुसरी लगोरी शोधत जायचं असतं. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास कमरेएवढ्या गवतात हीच अवस्था येते. फिरून फिरून माणूस पुन्हा त्याच उंबराखाली आला की गावाकडे ‘चकवा लागला’ म्हणतात. त्यावर चप्पल उलटी घालण्यापासून अनेक उपाय आहेत. नकाशात एकच उपाय आहे: भयंकर.

गुळगुळीतपणाचा टॅग चाकांसाठी. त्याच्या आठ पायऱ्या आहेत, ‘उत्तम’पासून खाली घसरत ‘भयंकर’, मग ‘अतिभयंकर’ आणि तळाला ‘अशक्य’. प्रत्येक पायरीला कोणतं वाहन चालेल याची यादी दिलेली आहे. ‘वाईट’ या पायरीला चालणाऱ्या वाहनांत रिक्षाचंही नाव आहे. ज्यानं यादी केली त्यानं रिक्षा पाहिली असणार. रिक्षावाला पाहिला नसावा. नाहीतर ‘उत्तम’ रस्त्यावरसुद्धा ‘तिकडं नाही जाणार’ या उत्तरासाठी त्यानं वेगळी पायरी काढली असती.

हल्ली तर नकाशेकऱ्याला घरी बसून आठवावंही लागत नाही. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. ते डोंगरातच विचारतं: या वाटेचा पृष्ठभाग कोणता? चित्रं दाखवतं: माती, खडी, गवत, दगड. प्रश्न विनम्र असतो, पण उत्तर एकच हवं असतं. खाली कातळ, त्यावर मुरूम, त्यावर गवत आणि त्यावर ताजं शेण अशा थरांची सोय त्यात नाही. निवडायला गेलेला माणूस मग पायाखाली बघतो, फोनकडे बघतो आणि ज्या थरावर घसरला तो लिहून टाकतो.

या सगळ्या टॅगांचा खरा वैरी जून महिना. नाळ ही आठ महिने वाट असते आणि चार महिने पाण्याची. जानेवारीत उतरलेला तिला पाथ लावतो, जुलैत खालून पाहिलेला ओढा लावतो. दोघांकडेही फोटो असतात. ‘कोरड्या ऋतूपुरती’ असा टॅग आहे, पण तो लावायला बसलं तर निम्म्या घाटवाटांना लावावा लागेल. खांडसहून भीमाशंकरला जायला दोन वाटा आहेत. गणेश घाट लांबचा पण सरळ. शिडी घाट जवळचा पण नावाप्रमाणे शिड्यांचा, आणि पावसात त्या कातळावर पाय ठेवणं म्हणजे देवाला अंमळ लवकर भेटायची तयारी. घरच्या पडद्यावर मात्र दोन्ही ठिपक्यांच्याच रेषा, आणि त्यांतली एक आखूड. माणूस आखूड रेषेवर बोट ठेवतो.

इथं थट्टा क्षणभर बाजूला ठेवू. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर, 1345 मीटर. 2021 साली स्कॉटलंडमधल्या गिर्यारोहण संस्थांना जाहीर इशारा द्यावा लागला, की गुगल मॅप्सवर गाडीतळापासून या शिखराकडे दिसणारी ठिपक्यांची रेषा जीवघेण्या चढावरून जाते, तिच्यामागं जाऊ नका. ठिपक्यांना कडा कळत नाही. वाटांना टॅग लावायची ही कारकुनी उगाच केलेला उद्योग नाही, हे अशा वेळी समजतं. रेषा ओढायला बोट पुरतं. ‘इथं हात लागतील’, ‘इथं वाट दिसत नाही’ हे लिहायला तिथं जाऊन यावं लागतं. आणि इतकं करून सगळं लिहिलं, तरी पुष्कळ ॲपं टी-1 आणि टी-5 एकाच रंगाच्या ठिपक्यांत काढतात. ज्यानं पावसात भिजून टॅग लावला त्याची त्या रात्रीची झोप उडते.

काही वाटा टॅगांना मुळातच पुरून उरतात. छोटे छोटे तुकडे जोडून लांबचा मार्ग करतात, त्याला नकाशेकरी ‘रिलेशन’ म्हणतात. तीर्थयात्रेच्या मार्गांना वेगळी खूणही आहे. स्पेनमध्ये सान्तियागोला पायी जाणाऱ्यांना ती कामाची. आता आळंदी ते पंढरपूर घ्या. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत सुमारे अडीचशे किलोमीटर. पृष्ठभाग: डांबर असावं, आषाढात दिसत नाही, वर माणसं आहेत. अवघडपणा: दिवे घाट सोडला तर टी-1, आणि दिवे घाटातही दम लागतो तो फोटो काढणाऱ्यांनाच. रुंदी: दिंडीवर अवलंबून. मार्गदर्शक खुणा: पुढच्याची पताका. पिण्याचं पाणी, चहा, केळी, चपलांची दुरुस्ती आणि पाय चेपून मिळणं यांची नोंद करायला गेलं तर रेषा ठिपक्यांखाली झाकून जाईल.

प्रवेशाच्या रकान्यात सार्वजनिक, खासगी आणि ‘मालक जाऊ देतो तोवर’ असे पर्याय आहेत. तिसरा पर्याय आपल्याकडे बघून केला असावा असं वाटतं. आपल्याकडे मालकाची इच्छा वाटेत आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फेसाटीतून व्यक्त होते. ती माणसांसाठी आहे की शेळ्यांसाठी, यंदाची आहे की दोन वर्षांमागच्या भांडणातली, हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. विचारायला जावं तर बांधावरचे मामा म्हणतात, “जावा की. तुमास्नी कोन अडिवतंय? ते खालच्या आळीसाठी हाय.” माणूस बघून बदलणाऱ्या प्रवेशाला अजून टॅग मिळालेला नाही. उलट ज्या वाटेनं गुपचूप जायचं, त्या राजगडाच्या चोरदरवाज्याच्या वाटेला सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि पाली दरवाज्याची राजरोस पायऱ्यांची वाट त्या मानानं निवांत असते.

आता मूळ दुखण्याकडे वळू. महाराष्ट्रात डोंगरातली उतरंड ज्येष्ठतेवर चालते. ज्यानं वाट आधी केली त्याचा शब्द अखेरचा. टोपोशीटची झेरॉक्स, मुक्कामी एसटी आणि मारुतीचं देऊळ एवढ्या भांडवलावर ज्यांनी ऐंशीच्या दशकात घाटवाटा केल्या, त्यांना आजची प्रत्येक वाट सोपी वाटते. ‘रेलिंग लावलंय, मग आता राहिलं काय?’ या नकाशाचा नियम नेमका उफराटा आहे. आज जमिनीवर जे आहे तेच लिहायचं, आणि शेवटचा जाऊन आलेला खरा. तसं पाहिलं तर नकाशावरचा प्रत्येक टॅग हे कुणाचं तरी ‘आमच्या वेळी’च आहे: मी गेलो तेव्हा दिसत होती, मी गेलो तेव्हा कोरडी होती, मी गेलो तेव्हा कुत्रं नव्हतं. घरातलं ‘आमच्या वेळी’ निमूट ऐकून घ्यावं लागतं. इथलं ‘आमच्या वेळी’ मात्र कॉलेजातली एखादी पोरगी पुढच्या रविवारी जाऊन येते आणि खोडते, आणि कुणी, कधी, काय खोडलं ते इतिहासात कायमचं राहतं. इतका लोकशाहीवादी अपमान आमच्या ज्येष्ठांना अन्यत्र सोसावा लागत नाही.

म्हणून अशा पोरीनं एखाद्या विसरलेल्या घाटवाटेला ‘वाट मोडली’ असा टॅग लावला, की कुठल्याशा फ्लॅटमध्ये एक काका खुर्चीतून उठतात. “मोडली? चौऱ्याऐंशी साली आम्ही तिथून पेटता स्टोव्ह घेऊन उतरलोय!” गुडघ्याला पट्टा बांधून, दोन भाचे साक्षीदार म्हणून घेऊन काका निघतात. पायथ्याचे मामा कोयता घेऊन पुढं होतात, कारवी तोडत वाट काढून देतात, पैसे घेतात. काका घरी येऊन नोंद करतात: ‘वाट आहे’. पुढच्या रविवारी पोरगी आपला गट घेऊन खात्री करायला जाते. मामा पुन्हा कोयता, पुन्हा पैसे. नाळेत दोन्हीकडे कातळाच्या भिंती असल्यामुळं जीपीएस भरकटतं आणि दोघांच्या रेषा शंभर फुटांनी वेगळ्या येतात. मग खरी रेषा कुठली हे ठरवायला तिसरा गट जातो, आणि तिसऱ्यानं पक्षपात केला या संशयानं चौथा. संक्रांतीपर्यंत वाट अशी मळते की डोळे मिटून चालावं. पाचवा येतो आणि तटस्थपणे लिहितो: दृश्यमानता उत्तम. काका म्हणतात, मी सांगत नव्हतो? पोरगी म्हणते, मी गेले तेव्हा मोडलेलीच होती. नकाशाच्या इतिहासात दोघांचीही बाजू तारीखवार शाबूत असते.

सगळ्यांत शहाणे मामा. त्यांनी तोवर माथ्यावर ताडपत्री बांधून चहा आणि मॅगी सुरू केलेली असते. तिची नोंद नकाशावर त्याच दुपारी होते, आणि काका, पोरगी, तिसरा, चौथा यांपैकी कुणीही हरकत घेत नाही. मामांची विनंती एवढीच, की नकाशात आपला फोन नंबरही टाकावा. टाकता येतो. फक्त फोन नंबरासाठी या नकाशात दोन वेगवेगळे टॅग आहेत, आणि त्यांतला कोणता लावायचा यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे.